सगळे जॉब हिरवे दिसतात, तरी आकडे चुकतात. देखरेख कुठून सुरू करावी?

तुम्ही लिहिलंय की रोज रात्री तीस दुकानांचा विक्रीचा डेटा एकत्र येतो, एअरफ्लोमध्ये (डेटाची कामं, म्हणजे जॉब, ठरल्या वेळी चालवणारं सॉफ्टवेअर) एकही जॉब पडत नाही, तरी महिन्यातून एक-दोनदा अहवाल चुकतो आणि ते सगळ्यात आधी अकाउंट्सवाल्यांना कळतं. मी तुमच्या जागी असतो तर कुठलंही नवं टूल घेण्याआधी ताळा जुळवायला सुरुवात केली असती.

जॉब हिरवा म्हणजे कोड मध्येच न अडता शेवटपर्यंत चालला, एवढंच. आत आलेला डेटा खरा होता का, हे त्यातून कळत नाही.

मी काही वर्षं एका डेअरीचा डेटा सांभाळला. गावोगावच्या संकलन केंद्रांवरून सकाळ-संध्याकाळ फाइल यायची: सभासद क्रमांक, लिटर, फॅट, एसएनएफ (दुधातले फॅट सोडून बाकीचे घन पदार्थ). त्यावरून दर लागायचा आणि दर दहा दिवसांनी बिल निघायचं. एकदा एका केंद्राच्या कॉम्प्युटरने आदल्या संध्याकाळची फाइल नवी तारीख घालून पुन्हा पाठवली. सगळे कॉलम भरलेले, फॅट मर्यादेत, ओळींची संख्या नेहमीइतकी. आमच्या सगळ्या तपासण्या पास झाल्या. चूक सापडली ती एका मावशींमुळे. बिल घेऊन केंद्रावर आल्या आणि म्हणाल्या, ‘त्या दिवशी मी दूध घातलंच नाही, मग हे साडेचार लिटर माझ्या नावावर कुठून आले?’ त्यांना पैसे जास्त मिळत होते, तरी त्या आल्या. त्याच फाइलमुळे ज्यांचे पैसे कमी झाले होते, त्यांचं मला आजही वाईट वाटतं.

त्यानंतर आम्ही दोन गोष्टी केल्या. एका केंद्राच्या लागोपाठच्या दोन पाळ्यांची बेरीज दोन दशांशांपर्यंत तंतोतंत जुळली तर फाइल थांबवायची, कारण दूध असं कधीच येत नाही. दुसरी जास्त महत्त्वाची: केंद्राच्या फाइलमधले एकूण लिटर आणि शीतकरण केंद्रावर टँकरमधून प्रत्यक्ष उतरलेलं दूध रोज ताडून पाहायचं. हे दोन आकडे वेगवेगळ्या वाटेने येतात, त्यामुळे एकाची चूक दुसरा उघडी पाडतो. तुमच्याकडे अशी दुसरी वाट म्हणजे दुकानाचा दिवसअखेरचा गल्ल्याचा हिशेब, कार्ड आणि यूपीआयचं बँकेत जमा झालेलं सेटलमेंट. प्रत्येक दुकानासाठी बिलांची संख्या आणि एकूण रक्कम, दोन्ही बाजूंनी.

ताळा नसला की काय होतं याचं मोठं उदाहरण इंग्लंडमधलं आहे. 2020 च्या सप्टेंबरअखेरीस पब्लिक हेल्थ इंग्लंड या तिथल्या सरकारी आरोग्य संस्थेकडे प्रयोगशाळांतून येणारे कोविडचे निकाल एक्सेलच्या जुन्या एक्सएलएस फाइलमध्ये भरले जात होते. त्या फाइलच्या एका शीटमध्ये 65,536 ओळीच मावतात. त्याहून जास्तीच्या ओळी गळाल्या आणि 15,841 बाधितांची नोंद वेळेवर पुढे गेलीच नाही. त्यामुळे त्यांच्या संपर्कातल्या लोकांना गाठायलाही उशीर झाला. किती ओळी आल्या आणि किती पोचल्या, एवढी एक तुलना असती तरी हे पहिल्याच दिवशी दिसलं असतं.

बाकीच्या तपासण्या तशा सोप्या आहेत. डीबीटी (डेटाबेसमधल्या डेटावर प्रक्रिया करायचं टूल) वापरत असाल तर युनिक (किंमत दोनदा नको), नॉट नल (रिकामी नको), ॲक्सेप्टेड व्हॅल्यूज (ठरलेल्या यादीतलीच हवी) आणि रिलेशनशिप्स (दुसऱ्या टेबलात जोडीची नोंद हवी) या चार टेस्ट त्यात तयारच मिळतात. त्यातली सोर्स फ्रेशनेस ही तपासणीही लावा, म्हणजे एखाद्या टेबलात नवा डेटा आलाच नसेल तर कळेल. सर्व्हर यूटीसीवर (आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असलेली जागतिक वेळ) चालत असेल तर रात्री बारा ते साडेपाचची ऑनलाइन बिलं आदल्या तारखेत जातात, तेही बघा. अकाउंट्सशी आकडे न जुळण्यामागे बऱ्याचदा हेच निघतं.

विक्री अचानक पडली किंवा वाढली तर अलर्ट द्यायचा असेल, तर मागच्या वर्षीच्या त्याच तारखेशी तुलना करू नका. लक्ष्मीपूजन 2023 मध्ये 12 नोव्हेंबरला होतं, 2024 मध्ये 1 नोव्हेंबरला. मागच्या चार-पाच आठवड्यांतला तोच वार घ्या आणि सणांचं वेगळं टेबल ठेवा.

अलर्ट मोजकेच ठेवा, हे कळकळीने सांगतो. आम्ही सुरुवातीला दिसेल त्यावर अलर्ट लावला आणि पंधरा दिवसांत सगळ्यांनी तो ग्रुप म्यूट केला. मग दोनच प्रकार ठेवले. पैशांवर परिणाम होणार असेल तर पाइपलाइन (डेटा आणण्यापासून अहवालापर्यंतची जॉबची साखळी) तिथेच थांबवायची आणि डॅशबोर्डवर ‘कालपर्यंतचा डेटा’ असं स्पष्ट लिहायचं. बाकी सगळं सकाळच्या एका यादीत. आणि प्रत्येक तपासणीपुढे एका माणसाचं नाव. ‘डेटा टीम’ असं लिहिलं की कुणीच बघत नाही.

आज रात्रीच्या रनपासून तीसही दुकानांची बिलसंख्या आणि रक्कम एका साध्या टेबलात साठवायला लागा. दीड महिन्याने अलर्टच्या मर्यादा ठरवताना अंदाज बांधावा लागणार नाही, तुमचेच आकडे हाताशी असतील.