फुगवण्याची सोय आधीच असलेले पीठ

प्रश्न : केकच्या एका कृतीत ‘सेल्फ रेझिंग फ्लोअर’ घ्यायला सांगितले आहे. त्याऐवजी साधा मैदा वापरता येईल का? माझ्याकडे त्या पिठाचे वर्षभरापूर्वी उघडलेले पाकीट होते, पण त्याचा केक दडस झाला. माझे काय चुकले असेल?

उत्तर : आपल्या हातून करण्यात चूक झाली असे वाटत नाही, पीठ जुने झाले होते, हेच कारण अधिक संभवते. या पिठात मैद्याबरोबर खाण्याचा सोडा आणि एखादा कोरडा आम्लधर्मी क्षार मिसळलेला असतो. पाणी किंवा दूध लागताच या दोहोंची अभिक्रिया होऊन कार्बन डायऑक्साइड वायू सुटतो आणि त्याच्या बुडबुड्यांनी केक हलका होतो. मात्र पाकीट उघडे राहिले, तर हवेतील ओलावाच हे काम हळूहळू उरकून टाकतो, आणि पीठ भट्टीपर्यंत पोहोचते तेव्हा त्यात पुरेसा जोर उरलेला नसतो. अशा पिठात अंदाजाने बेकिंग पावडर वाढवू नये. पिठातला आधीचा सोडा व क्षार किती शिल्लक आहे हे कळत नसल्याने चव कडवट होण्याचा धोका राहतो.

इंग्लंडमधील ब्रिस्टलचे बेकर हेन्री जोन्स यांनी १८४५ मध्ये या पिठाचे पेटंट घेतले. जहाजावरच्या खलाशांना कडक बिस्किटांऐवजी ताजा पाव मिळावा, ही त्यामागची तळमळ मला आजही मोलाची वाटते.

साधा मैदा अवश्य चालेल, आणि माझ्या मते तोच अधिक भरवशाचा. एक कप, म्हणजे सुमारे १२५ ग्रॅम मैद्याला दीड लहान चमचा बेकिंग पावडर आणि पाव लहान चमचा मीठ घालून दोन-तीनदा चाळावे, म्हणजे पावडर सर्वत्र सारखी पसरते. कृतीत मीठ वेगळे सांगितले असेल, तर येथे घालू नये. बेकिंग पावडर ताजी आहे का, हे गरम पाण्यात अर्धा चमचा टाकून पाहावे. ती जोमाने फसफसली पाहिजे.

तयार पीठच वापरायचे असेल, तर कृतीतील बेकिंग पावडर वगळावी लागते. यीस्टच्या पावासाठी मात्र ते घेऊ नये. ताक किंवा दह्याबरोबर सोडा सांगितलेल्या कृतीतही साधाच मैदा घ्यावा, कारण तेथे सोड्याचे प्रमाण त्या आंबटपणाशी जुळवलेले असते. मिश्रण कालवल्यावर ते ताटकळत न ठेवता आधीच तापवलेल्या ओव्हनमध्ये लगेच घालावे.