वाचक विचारतात : शिपिंग बिल आता पडद्यावर

प्रश्न : मकरपुरा जीआयडीसीत आमचा पंपांच्या सुट्या भागांचा छोटा कारखाना आहे. वडील पूर्वी टाइप केलेलं शिपिंग बिल (कस्टम्सला द्यायचं निर्यातीचं घोषणापत्र) तीन-चार प्रतींत नेऊन शिक्के मारून आणत. मधली बरीच वर्षं माल मुंबईच्या व्यापाऱ्यामार्फत गेला. आता स्वतःच्या नावाने दशरथच्या आयसीडीतून (बंदरापासून दूर असलेल्या कंटेनर डेपोतून) पाठवायचा आहे. सुरुवात कुठून करू?
— एक वाचक, बडोदा

उत्तर : कागदी बिलाचा विचार सोडूनच द्या. सीमाशुल्क कायद्याच्या कलम ५० प्रमाणे शिपिंग बिल इलेक्ट्रॉनिक पद्धतीनेच भरायचं असतं. हाताने भरायला आयुक्तांची परवानगी लागते आणि ‘सवय नाही’ म्हणून ती मिळत नाही.

आधी नोंदण्या पाहा. आयईसी (आयात-निर्यातदाराचा कोड) म्हणजे आता तुमचा पॅन क्रमांकच, पण डीजीएफटीच्या (विदेश व्यापार महासंचालनालयाच्या) साइटवर तो दरवर्षी एप्रिल ते जून दरम्यान अद्ययावत करावा लागतो. काहीही बदललं नसलं तरी! हे राहिलं तर आयईसी बंद पडतो आणि ते नेमकं माल भरायच्या दिवशी कळतं. मग आइसगेटवर, म्हणजे कस्टम्सच्या पोर्टलवर, क्लास ३ डिजिटल सहीने नोंदणी करा. बँकेचा एडी कोड (परकीय चलनाचे व्यवहार करणाऱ्या तुमच्या शाखेचा क्रमांक) आणि परताव्याचं खातं तिथे चढवा. खात्यावरचं नाव आणि आयईसीवरचं नाव एकच हवं. दशरथसाठी एडी कोड चालू दिसतो का, हे माल निघायच्या आठवडाभर आधीच बघून घ्या.

पुढचं काम बहुतेक जण कस्टम ब्रोकरकडून करून घेतात आणि ते योग्यच आहे. इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट वगैरे २०० डीपीआयवर काळ्या-पांढऱ्यात स्कॅन करून, डिजिटल सही करून ई-संचितवर (आइसगेटवरच्या कागदपत्रांच्या सोयीवर) चढवतात. प्रत्येक कागदाला आयआरएन हा ओळख क्रमांक मिळतो आणि शिपिंग बिलात तो क्रमांक जोडला जातो. बिल पाठवण्याआधी ब्रोकर तुम्हाला चेकलिस्ट, म्हणजे बिलाचा मसुदा, पाठवतो. सगळा जीव इथे ओता. ‘ओके’ असं व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून मोकळं होऊ नका. शेजारी इन्व्हॉइस उघडून एकेक रकाना ताडून पाहा: एचएस कोड (मालाच्या वर्गीकरणाचा क्रमांक), परिमाणाचं एकक (टॅरिफमध्ये किलो असताना नग लिहिले जातात), किंमत एफओबी (भाडं-विम्याविना) की सीआयएफ (भाडं-विम्यासह), भाडं आणि विमा वेगळा दाखवला आहे का, निर्यात आयजीएसटी भरून की एलयूटीवर (कर न भरता, हमीपत्रावर). रोडटेपचा (निर्यात मालावरचे कर परत देणाऱ्या योजनेचा) लाभ घ्यायचा असेल तर प्रत्येक आयटमपुढे तसं जाहीर केलेलं हवं. तिथे ‘नाही’ गेलं तर पुढे दुरुस्ती मिळवणं फार जड जातं.

माल आयसीडीत पोचला की त्याची नोंद होते. तपासणी करायची की नाही हे जोखीम-प्रणाली ठरवते, मग लेट एक्स्पोर्ट ऑर्डर (निर्यातीची अंतिम परवानगी) पडते आणि क्यूआर कोड असलेली अंतिम पीडीएफ ईमेलवर येते. २२ जून २०२० पासून ही पद्धत आहे. वडिलांच्या शिक्क्याच्या जागी आता हीच प्रत. या ऑर्डरच्या आधी चूक सापडली तर दुरुस्ती सोपी. नंतर कलम १४९ खाली अर्ज करावा लागतो आणि निर्यातीच्या वेळी अस्तित्वात असलेलाच कागद पुरावा म्हणून चालतो. मागाहून बनवलेलं पत्र चालत नाही.

प्रश्न : माल जाऊन तीन महिने झाले, आयजीएसटीचा परतावा नाही. आइसगेटवर एका बिलापुढे एसबी००५ आणि दुसऱ्यापुढे एसबी००६ दिसतं. ब्रोकर म्हणतो सीएकडे जा, सीए म्हणतो ब्रोकरकडे.
— एक वाचक, वाघोडिया

उत्तर : दोन्ही रोग वेगळे. शिपिंग बिल हाच परताव्याचा अर्ज मानला जातो, त्यामुळे वेगळा अर्ज कुठेच नसतो. यंत्र शिपिंग बिल आणि जीएसटीआर-१ (विक्रीचं विवरणपत्र) मधला निर्यातीचा तक्ता ६ए ताडून पाहतं, शिवाय माल खरंच देशाबाहेर गेल्याची नोंदही पाहतं.

एसबी००५ म्हणजे इन्व्हॉइस क्रमांक जुळला नाही. जीएसटी इन्व्हॉइसवर ‘ईएक्स/०४७/२५-२६’ असेल आणि शिपिंग बिलात परदेशी ग्राहकाला दिलेल्या कमर्शियल इन्व्हॉइसचा ‘ईएक्स-४७’ गेला असेल, तर माणसाला ते एकच दिसतं, यंत्राला नाही. एक शून्य किंवा एक तिरकी रेघ पुरेशी होते. चूक विवरणपत्रात असेल तर सीए तक्ता ९एमधून ती सुधारू शकतो. शिपिंग बिलात असेल तर कोणत्या जीएसटी इन्व्हॉइसला कोणता कमर्शियल इन्व्हॉइस लागू, असा जुळणी-तक्ता कस्टम्सला द्या. अधिकारी तो प्रणालीत भरतात, शुल्क दर शिपिंग बिलाला १,००० रुपये. यापुढे दोन्ही कामांसाठी एकच इन्व्हॉइस आणि एकच क्रमांक ठेवा. हा त्रास मुळातच उरत नाही.

एसबी००६ मध्ये तुमची चूक बहुधा नसते. आयसीडीतून निघालेला डबा बंदरावरून जहाजात चढल्याचं जहाज कंपनीचं ईजीएम (निर्यात मालाची यादी) तिथे जुळलेलं नाही. कंटेनर क्रमांक, शिपिंग बिल क्रमांक आणि तारीख देऊन जहाज कंपनीच्या मागे लागा.

जाता जाता बंदराचा कोडही बघा. बिल आयसीडीत भरलं तर विवरणपत्रात कोडही आयसीडीचाच हवा, म्हणजे शेवटचा आकडा ६. माल न्हावाशेवाहून गेला म्हणून आयएनएनएसए१ हा न्हावाशेवाचा कोड लिहिणारे पुष्कळ. त्यांना एसबी००१, म्हणजे बिलाचा तपशील जुळत नसल्याचा शेरा, मिळतो. तारीखही शिपिंग बिलाची लिहायची, लेट एक्स्पोर्ट ऑर्डरची नाही.

प्रश्न : सगळं ऑनलाइन झालं, तर मूळ कागद फाडले तरी चालतील?
— एक वाचक, रावपुरा

उत्तर : मुळीच नाही. ५ वर्षं सांभाळा. ऑडिट आलं की स्कॅनमागचा कागद मागतात. प्रत्येक शिपिंग बिलाच्या क्रमांकाने एक फोल्डर करा आणि त्यात अंतिम पीडीएफ, मंजूर चेकलिस्ट व आयआरएनची यादी ठेवा. शिवाय कस्टम्स कागदमुक्त झालं तरी बँक झालेली नाही. लेटर ऑफ क्रेडिटवर (ग्राहकाच्या बँकेच्या पैशाच्या हमीवर) व्यवहार असेल तर बिल ऑफ लेडिंगच्या (जहाज कंपनीच्या माल-पावतीच्या) मूळ प्रती, बहुधा तीन, बँकेत वेळेत पोचायलाच हव्यात.