कोल्हापुरात एकट्या राहणाऱ्या आईसाठी चोवीस तासांची केअरटेकर ठेवणं परवडतं का? खरंच उपयोग होतो का?

तुम्ही लिहिलंय की आई 78 वर्षांच्या आहेत, नागाळा पार्कात एकट्या राहतात, बाथरूममध्ये पडून खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं आणि आता चार-पाच दिवसांत डिस्चार्ज आहे. तुम्ही बंगळूरला. केअरटेकर पुरवणाऱ्या ब्युरोने चोवीस तासांच्या मावशीचे महिन्याला 24 हजार सांगितलेत आणि ते द्यावेत की नाही, हा प्रश्न आहे.

माझं मत सांगते. पहिले दोन-तीन महिने माणूस ठेवाच. पण एकाच बाईवर चोवीस तास जागायचं काम टाकू नका. सासूबाईंना पक्षाघात झाल्यापासून त्या गेल्या तोपर्यंत आम्ही त्यांना राजारामपुरीतल्या घरीच सांभाळलं. मी नोकरी करत होते, त्यामुळे ब्युरो, मावशी, नर्स, बदली बाई हे सगळं जवळून पाहिलंय. त्यावरून लिहितेय.

आठवड्याचे तास होतात 168. कारखान्यातला कामगारसुद्धा आठवड्याला 48 तास काम करतो. म्हणजे चोवीस तास जागं माणूस हवं असेल तर साडेतीन माणसांचं काम आहे, आणि ब्युरो ते एका बाईच्या पगारात देतो म्हणतो. याचा सरळ अर्थ एवढाच, की ती बाई रात्री झोपणार. झोपायलाच हवी. आमच्याकडे चंदगडकडच्या एक मावशी होत्या, कामाला अतिशय चोख. सासूबाईंना कूस बदलायला रात्री दर दोन तासांनी उठावं लागायचं. एकदा सकाळी त्या माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाल्या, "वहिनी, दोन रात्री डोळ्याला डोळा न्हाई लागला. आज्जींना धरताना हात थरथरतोय." ज्या हातांवर पेशंटचं सगळं वजन असतं, तेच हात थरथरत होते. त्याच आठवड्यात आम्ही रात्रीसाठी दुसरी बाई लावली आणि मावशींना रात्रीची झोप मिळाली.

म्हणून पैशांआधी आईंची रात्र कशी जाते ते बघा. आता हॉस्पिटलमध्ये आहेत तोवर नाइट ड्युटीच्या सिस्टरना विचारा: रात्री किती वेळा लघवीला उठतात, रात्री गोंधळतात का, स्वतःहून बेडवरून उतरायला बघतात का? खुब्याच्या ऑपरेशननंतर वयस्कर माणसाला काही दिवस भ्रम होणं नवीन नाही. वेळ-काळ कळत नाही, आपण कुठे आहोत ते कळत नाही. अशा अवस्थेत त्या रात्री एकट्या उठल्या तर पुन्हा पडायचा धोका फार मोठा. रात्र अशी जात असेल तर सुरुवातीला दिवसाची एक आणि रात्रीची जागी राहणारी एक, अशा बारा-बारा तासांच्या दोन बायका घ्या. रात्री एकदाच उठून परत शांत झोपत असतील तर घरात झोपणारी एक मावशी पुरते. मात्र तिची खाट आईंच्याच खोलीत असू द्या आणि दुपारी तिला दोन-तीन तास मोकळे मिळायला हवेत.

आता खर्च. ब्युरोचे 24 हजार म्हणजे नुसता पगार. आमच्या घरच्या अनुभवातले आकडे धरून हिशेब मांडते, दर थोडे इकडेतिकडे होतील. महिन्यातल्या चार सुट्ट्यांना बदली बाई, दिवसाला 900 धरले तर 3,600. मावशीचं दोन वेळचं जेवण, चहा-नाष्टा 4,000. डायपर आणि अंडरपॅड 4,000. फॉलर बेडचं, म्हणजे डोक्याकडून-पायाकडून वर-खाली होणाऱ्या हॉस्पिटलसारख्या पलंगाचं, भाडं 2,500. एक दिवसाआड फिजिओथेरपी, एका वेळचे 400 म्हटले तर 6,000. बेरीज होते 44,100. यात औषधं नाहीत, वीजबिल नाही, ब्युरोची नोंदणी फी नाही, दिवाळीही नाही. आणि बारा-बारा तासांच्या दोघी, रोजचे प्रत्येकी 750 धरले, तर नुसत्या पगाराचेच 45 हजार होतात.

हे पैसे बहुतेक घरातूनच जातात, हेही आधी लक्षात घ्या. 70 वर्षांवरच्या सगळ्यांना आयुष्मान कार्डावर 5 लाखांचं संरक्षण 2024 पासून सुरू झालंय, पण ते हॉस्पिटलात दाखल झाल्यावरच्या उपचारांसाठी. घरच्या मावशीचा पगार त्यात बसत नाही. मेडिक्लेममध्येही सहसा बसत नाही. तरी आईंचं आयुष्मान कार्ड काढलं नसेल तर काढून ठेवा.

मग एवढे पैसे घालून मिळतं काय? एक गोष्ट सांगते, ती आम्हाला मावशींमुळेच कळली. सासूबाई दुपारी चारनंतर पाणी प्यायला नको म्हणायच्या. तहान नाही म्हणून नव्हे. रात्री लघवीला कुणाला उठवायचं, या संकोचापायी. पुष्कळ म्हातारी माणसं हेच करतात आणि कुणाला सांगत नाहीत. पाणी कमी पडलं की मलावरोध होतो, लघवीचं इन्फेक्शन होतं, ताप येतो, माणूस बरळायला लागतं आणि घरचे म्हणतात, "वयच झालं आता." मावशी अर्ध्या अर्ध्या तासाने अर्धं फुलपात्र पाणी, मधूनच ताक द्यायच्या आणि सहानंतर हात आखडता घ्यायच्या. सासूबाईंची संध्याकाळची ग्लानी बरीच कमी झाली. दिवसभर ऑफिसात असलेल्या मुलाला किंवा सुनेला हे दिसलंच नसतं. बेडसोरचंही, म्हणजे पडून पडून होणाऱ्या जखमांचंही, तसंच. माकडहाड, टाच, खुबा इथली कातडी लाल होते, तेव्हाच दिसली तर नुसतं कूस बदलून आणि एअर बेड घालून भागतं. जखम झाल्यावर महिनोन्महिने ड्रेसिंग करत बसावं लागतं.

पण तुमच्या आईंच्या बाबतीत एक धोका उलट बाजूनेही आहे. फार प्रेमळ, सगळं हातात देणारी मावशी. खुब्याच्या ऑपरेशननंतर बहुतेकदा एक-दोन दिवसांतच वॉकर धरून उभं करतात, कारण पडून राहिलं की पायातली ताकद भराभर जाते. मावशी चहा बेडवर, जेवण बेडवर, डायपरही बेडवरच करायला लागली तर तिचं काम सोपं होतं आणि आई कायमच्या अंथरुणाला खिळतात. तुमच्या 24 हजारांतलं सगळ्यात मोठं नुकसान हे असेल. म्हणून पहिल्याच दिवशी ठरवून द्या: डॉक्टरांनी परवानगी दिली असेल तर जेवण टेबलावर, दिवसा कमोडवर, सकाळ-संध्याकाळ हॉलमध्ये फेऱ्या. मावशीने बाजूला उभं राहायचं, आईंनी चालायचं. डायपर लागलाच तर फक्त रात्री.

नर्स लागणार नाही, असं तुमच्या वर्णनावरून वाटतं. नाकातली नळी, लघवीची नळी, इंजेक्शन किंवा मोठं ड्रेसिंग असेल तरच शिकलेली नर्स घ्या, आणि तीही त्या कामापुरती दिवसातून एकदा आली तरी चालते. साध्या केअरटेकरकडून इन्सुलिन टोचून घेण्याच्या भानगडीत पडू नका.

नागाळा पार्क म्हटल्यावर पुराचं लिहिलंच पाहिजे. 2019 च्या ऑगस्टमध्ये आणि 2021 च्या जुलैमध्ये पंचगंगेचं पाणी त्या भागात शिरलं होतं, हे तुम्हाला आठवत असेल. 2019 ला शहराचे पंपिंग स्टेशन पाण्यात गेल्यामुळे नळाला कित्येक दिवस पाणी नव्हतं आणि पुणे-बंगळूर हायवेही बंद होता, म्हणजे बंगळूरहून तुम्ही निघालात तरी पोचला नसतात. गगनबावड्याचा रस्ता आणि केर्लीजवळचा रत्नागिरी रस्ता तर पावसाळ्यात हमखास बंद होतात. रोज गावाकडून ये-जा करणारी बाई अशा वेळी येऊच शकत नाही. त्यामुळे जुलै-ऑगस्टपुरती तरी मुक्कामी राहणारी किंवा शहरातच घर असलेली बाई बघा. पंधरा दिवसांची औषधं, डायपर आणि इन्व्हर्टर तयार ठेवा. आणि पाणी वाढायला लागलं की आईंना कुठल्या नातेवाइकाकडे हलवायचं, हे आत्ताच बोलून ठेवा. कळंबा, पाचगावकडे उंचावर कुणी असेल तर फार बरं. वॉकरवरच्या माणसाला गुडघाभर पाण्यातून काढणं भयंकर अवघड असतं.

विश्वासाचं म्हणाल तर आधार कार्डाची प्रत, गावचा पत्ता, पोलीस पडताळणी, हे ब्युरोकडून मागून घ्या. आईंच्या पाटल्या, गंठण लॉकरमध्ये ठेवा. तिच्यावर संशय म्हणून नव्हे, उद्या एखादी वस्तू सापडली नाही तर गरीब बाईवर नाहक आळ येऊ नये म्हणून. कॅमेरा लावायचाच तर हॉलमध्ये, दोघींना सांगून. आईंचे कपडे बदलतात त्या खोलीत नको. त्यापेक्षा एक वही ठेवा: पाणी, लघवी, शौच, औषध, किती पावलं चालल्या. रोज रात्री मावशीला त्या पानाचा फोटो पाठवायला सांगा आणि फोनवर आधी मावशीची विचारपूस करा, "जेवलात का, झोप झाली का?" शेजारच्या एखाद्या काकूंना मात्र आठवड्यातून दोनदा न सांगता डोकावायची विनंती करा.

दोन-तीन महिन्यांनी पुन्हा हिशेबाला बसा. आई वॉकरवर एकट्या बाथरूमला जाऊन येत असतील, तर दिवसाची बाई कमी करून फक्त रात्रीची सोबत ठेवता येते. खर्च जवळपास निम्म्यावर येतो.

सध्या एकच काम तातडीचं आहे. जी मावशी ठरेल तिला डिस्चार्जच्या आदल्या दिवशी हॉस्पिटलमध्येच बोलवा, त्या दिवसाचा पगार द्या, आणि आईंना बेडवरून खुर्चीवर कसं घ्यायचं, कुठे हात लावायचा, पायाची कोणती हालचाल टाळायची, हे फिजिओथेरपिस्टकडून तिच्या हातून करून घ्या. तेव्हा तुम्हीही तिथे उभे राहा. आणि त्या दोघींचं जमतंय का, हे आईंना तिच्या मागे विचारा.