रामेश्वरमचं कलाम स्मारक: अर्धा तास पुरत नाही, आणि त्यांचं घर चुकवू नका

तुम्ही विचारलंय की आईबाबा आणि पाचवीतल्या मुलीला घेऊन रामेश्वरमला जाताय, टूरवाल्यांनी कलाम स्मारकाला अर्धा तास दिलाय, तो पुरेल का आणि मुलीला त्यातलं काही कळेल का. कळेल, अगदी छान कळेल, पण अर्ध्या तासात नाही. निदान दीड तास मागून घ्या, त्यासाठी शॉपिंगचा वेळ कापावा लागला तरी चालेल.

आणि माझं म्हणणं असं की आधी कलामांचं घर बघा, मग स्मारक. बहुतेक टूर उलटं करतात किंवा घर गाळूनच टाकतात. देवळापासून मशीद स्ट्रीटवरचं हे घर चालत दहाएक मिनिटांवर आहे. वरच्या मजल्यावर गॅलरी आहे, फोटो, पदकं, पत्रं वगैरे, जागा लहान आणि जिना अरुंद, त्यामुळे आईबाबांना सावकाश चढू द्या. वर शंखशिंपल्यांचं दुकानही आहे, तिथं मुलगी रमेल. पण खरी बघायची ती गल्ली. मशिदीच्या गल्लीतलं हे पोर आणि रामेश्वरच्या मुख्य पुजाऱ्यांचा मुलगा रामनाथ शास्त्री, दोघं जिवलग मित्र. वडील नावाडी, यात्रेकरूंना बेटाच्या टोकावरच्या धनुष्कोडीला न्यायचे आणि आणायचे. दुसऱ्या महायुद्धात रामेश्वरमला गाडी थांबेना, पेपरचे गठ्ठे चालत्या गाडीतून फेकायचे, ते गोळा करायला चुलतभावाला मदत करून या मुलानं पहिली कमाई केली. पुढं मद्रास इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत प्रवेश मिळाला तेव्हा फीसाठी बहीण जोहरानं बांगड्या आणि चेन गहाण टाकली. हे सगळं मुलीला त्या गल्लीत उभं राहून सांगा, मग स्मारकातली रॉकेटं तिला नुसती रॉकेटं वाटणार नाहीत.

स्मारक पेईकरुंबूला, पांबनकडून गावात येताना रस्त्यावरच. २७ जुलै २०१५ ला शिलाँगला आयआयएममध्ये व्याख्यान देताना ते कोसळले आणि गेले, ३० तारखेला इथं दफन झालं आणि बरोबर दुसऱ्या स्मृतिदिनी, २७ जुलै २०१७ ला, डीआरडीओ या संरक्षण संशोधन संस्थेनं बांधलेलं हे स्मारक खुलं झालं. दर्शनी भाग इंडिया गेटसारखा, घुमट राष्ट्रपती भवनासारखे, बाहेर अग्नी क्षेपणास्त्राची प्रतिकृती. आत मोबाइल आणि कॅमेरा नेऊ देत नाहीत, आणि मला तरी ते फार बरं वाटतं, लोक खरंच बघतात.

आत चित्रं आणि पुतळे भरपूर आहेत, सगळंच बघत बसू नका. त्यांची वीणा बघा. आणि २००६ च्या जूनमध्ये त्यांनी सुखोई-३० मधून उड्डाण केलं तेव्हाचा जी-सूट, म्हणजे लढाऊ विमानात वेगाचा ताण सोसायला घालतात तो पोशाख, बघा, कारण ते उड्डाण आपल्या पुण्याच्या लोहगाव तळावरून झालं होतं! वय ७४, आणि लढाऊ विमानात बसलेले ते पहिले राष्ट्रपती. मला एकच खटकतं, क्षेपणास्त्रांपुढं बाकीचं काम झाकोळतं. पोलिओ झालेल्या मुलांचे पायाला आधार देणारे तीनेक किलोचे कॅलिपर्स क्षेपणास्त्राच्या हलक्या मटेरियलमधून काहीशे ग्रॅमवर आणले, हे त्यांना स्वतःला फार मोठा आनंद देणारं काम होतं, तेव्हा मुलीला हे मुद्दाम सांगा. आणि एसएलव्ही-३ या उपग्रह सोडणाऱ्या रॉकेटसमोर हेही सांगा की १९७९ चं पहिलं उड्डाण फसलं होतं आणि १९८० च्या जुलैत तेच यशस्वी झालं, शाळेतल्या पोरांना हे कळणं फार गरजेचं आहे असं मला मनापासून वाटतं.

कबरीपाशी चपला काढून जायचं, उन्हात फरशी तापते म्हणून सकाळीच जा. देवळातल्या बावीस कुंडांची स्नानं त्याच दिवशी असतील तर आईबाबा दमतील, स्मारक दुसऱ्या दिवशी ठेवा. धनुष्कोडी दुपारी लवकर उरका, संध्याकाळी तिकडं गाड्या सोडत नाहीत.