कोरोनात तरुण लोक म्हाताऱ्यांबद्दल इतकं कठोर का बोलत होते?

तुम्ही विचारलंय की कोरोनात तरुण पोरं वयस्कर लोकांबद्दल एवढं निर्दयपणे का बोलायची, आणि तुमचा भाऊ अजूनही "म्हातारेच तर गेले" म्हणतो त्याला काय सांगायचं. मी तेव्हा कोथरूडमध्येच होते, वय २७, त्यामुळे आमच्या वयाची मुलं काय बोलत होती ते जवळून ऐकलंय.

माझ्या मते सगळं भीतीतून सुरू झालं. ९ मार्च २०२० ला राज्यातले पहिले पेशंट पुण्यातच सापडले, त्यांना ठेवलं त्या नायडू हॉस्पिटलचं नाव घराघरात पोचलं, आणि सगळे टरकलेले असताना कुठूनतरी कळलं की वय जास्त असेल तर धोका जास्त आहे. बातमी खरी होती, पण ती ऐकून आमच्या पिढीने जो सुटकेचा श्वास सोडला ना, तिथेच गडबड झाली. त्याच महिन्यात ट्विटरवर 'बूमर रिमूव्हर' असा हॅशटॅग फिरत होता, म्हणजे म्हाताऱ्यांना साफ करणारा रोग, आणि लोक त्यावर मीम करत होते. आपल्याकडे इतकं उघड कोणी म्हणायचं नाही. आपल्याकडे कोणी गेल्याचा मेसेज आला की पहिला प्रश्न यायचा, "वय काय होतं?" आणि ८० कळलं की "अच्छा, मग ठीक आहे". ठीक काय आहे त्यात? त्या घरातली आजी गेलीये!

आमच्या सोसायटीत खालचे बाक नायलॉनच्या दोरीने बांधून टाकले होते. एकटे राहणारे एक काका, मुलगा अमेरिकेत, सकाळी दूध घ्यायला गेटपर्यंत आले की वरून एक मुलगा ओरडायचा, "काका घरात बसा ना, तुमच्यामुळे बिल्डिंग सील होईल!" आणि संध्याकाळी तोच मुलगा टेरेसवर सात-आठ जणांबरोबर क्रिकेट खेळायचा, मास्क हनुवटीला. काका खाली मान घालून परत जायचे. पुण्याच्या पेठांमध्ये रस्ते बंद करायला पत्रे ठोकले होते तेव्हाची गोष्ट आहे, सगळेच घाबरले होते मान्य, पण ओरडा फक्त त्यांनाच का?

६५ च्या पुढच्यांनी घरी थांबावं असं सरकारनेच सांगितलं होतं आणि ते बरोबरच होतं, पण घरी थांबलेल्या कित्येक आजी-आजोबांना तो आजार बाहेर जाणाऱ्या मुला-नातवंडांकडूनच आला, हे कोणी बोलत नाही. १ मार्च २०२१ पासून साठीच्या पुढच्यांना लस मिळायला लागली तेव्हाही हेच, "आम्ही कामाला बाहेर जातो, आधी आम्हाला द्या". तो मुद्दा अगदीच चुकीचा नव्हता, इंडोनेशियाने कामाच्या वयातल्या लोकांना आधी दिलीसुद्धा, पण पुढे "त्यांना देऊन काय उपयोग" जोडलं जायचं ते फार लागायचं. आणि लस तरी सहज कुठे मिळत होती, मोबाईलवर नोंदणी, ओटीपी, स्लॉट, ज्यांच्या घरात कोणी तरुण नाही त्यांनी काय करायचं?

भावाला आकडे सांगत बसू नका. त्याला विचारा, तेव्हा ताप आला की तू कुठे गेलास? आमच्याकडे मोठी हॉस्पिटलं भरलेली असताना साठी उलटलेले फॅमिली डॉक्टर दवाखाना उघडा ठेवून बसले होते, पीपीई किट घालून, घामाने निथळत, आणि रांगेत निम्मी आमच्याच वयाची मुलं असायची.