काळजीखोर स्वभाव आणि अंथरुणातली धास्ती

प्रिय मित्रा,

तुझं पत्र सावकाश वाचलं. ‘माझा स्वभावच काळजीचा, म्हणून लिंगाच्या ताठरतेचा हा त्रास माझ्या वाट्याला आला का?’ असं तू विचारलंस. हे विचारायला धीर लागतो, म्हणून आडपडदा न ठेवता लिहितो.

स्वभावाचा संबंध आहे. जे पुरुष चटकन अस्वस्थ होतात, मनाला लावून घेतात, त्यांच्यात ताठरतेच्या आणि शीघ्रपतनाच्या तक्रारी जास्त आढळतात. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये ४० ते ७० वयाच्या पुरुषांचा काही वर्षं पाठपुरावा झाला, त्यातही पडतं घेणाऱ्या स्वभावाच्या पुरुषांना पुढे ताठरतेचा त्रास होण्याची शक्यता अधिक दिसली. पण हा नुसता कल आहे. असे कितीतरी काळजीखोर पुरुष मजेत संसार करतात, आणि दोन-चारदा फजिती झाली की चांगला धीट गडीही धास्तावतो. कशामुळे काय झालं, हे नुसत्या स्वभावावरून सांगता येत नाही.

नेमकं बिघडतं कुठे, ते बघ. जवळीक सुरू होते आणि तुझ्या डोक्यात हिशेब चालू होतो: जमतंय ना? कमी तर होत नाहीये? तिच्या लक्षात आलं का? स्पर्श राहतो बाजूला, तू स्वतःवरच पाळत ठेवत बसतोस. मास्टर्स आणि जॉन्सन या संशोधक जोडीने १९७० मध्येच हे नीट मांडलं होतं. त्यात धास्तीने ॲड्रेनलिन वाढतं, लिंगातले स्नायू आवळतात, रक्त हवं तसं भरत नाही. मग पुढच्या वेळी पाळत आणखी कडक.

मला सगळ्यात मोलाचे वाटतात ते अमेरिकी मानसशास्त्रज्ञ डेव्हिड बार्लो यांचे १९८० च्या दशकातले प्रयोग. विजेचा सौम्य झटका बसेल अशी भीती घातली, तर कसलीच तक्रार नसलेल्या पुरुषांची उत्तेजना उलट वाढली! त्यांचं लक्ष भलतीकडे वळवलं, तेव्हा मात्र ती ओसरली. म्हणजे भीती वाटली की सगळं संपलं, असं नाही. लक्ष कुठे आहे यावर फार काही ठरतं. स्वभाव सहजी बदलत नाही, पण लक्ष स्पर्शाकडे वळवायला शिकता येतं, आणि म्हणूनच तुझ्या बाबतीत मला मनापासून आशा वाटते.

यावरचा जुना, चांगला उपाय म्हणजे काही आठवडे दोघांनी ठरवून समागम बंद ठेवायचा. फक्त स्पर्श, तोही आधी लैंगिक अवयव सोडून, आणि काय जाणवतंय तेवढ्यावरच लक्ष. परीक्षाच नसली की निकालाची धास्ती कशाला? हे लैंगिक समुपदेशकाच्या मदतीने केलंस तर जास्त बरं. तुझ्यासारखा मनात कुढणारा माणूस जोडीदाराला काही सांगत नाही, आणि तिला वाटतं, आपणच आवडेनासे झालो. तिला आजच सांग.

सगळं खापर स्वभावावर फोडून मोकळा मात्र होऊ नकोस. पहाटे ताठरता येते का, एकट्याने असताना येते का, हे आठव. येत असेल तर शरीराची यंत्रणा बहुतेक शाबूत आहे. ताठरता सगळ्याच वेळी हळूहळू कमी होत गेली असेल, तर साखर, रक्तदाब आणि हृदय तपासून घे. लिंगातल्या रक्तवाहिन्या हृदयाच्या वाहिन्यांपेक्षा बारीक असल्याने बिघाड कधीकधी तिथे आधी कळतो. नैराश्यावरच्या काही गोळ्यांनीही असा त्रास होतो, पण त्या परस्पर बंद करायच्या नाहीत.

आणि मित्राने दिलेली ताठरतेची गोळी घेऊ नकोस. छातीत दुखण्यावरची नायट्रेटची औषधं चालू असणाऱ्याचा रक्तदाब तिने धोकादायक इतका खाली जातो. डॉक्टरांकडे जाताना त्रास कधी सुरू झाला, कोणत्या वेळी होतो आणि कोणती औषधं चालू आहेत, हे कागदावर लिहून ने. बोलताना अडखळलास, तर तो कागद त्यांच्या हातात दे.

तुझा,
काका