घरी बनवलेला ट्रॅक गोव्यातल्या डीजेंना कसा पाठवावा? ते तो कशावरून जोखतात?

सावंतवाडीत घरी लॅपटॉपवर सायट्रान्स (गोव्यातल्या पार्ट्यांत वाजणारं वेगवान इलेक्ट्रॉनिक संगीत) बनवता, बऱ्याच डीजेंना लिंक पाठवली, एकाचंही उत्तर नाही, असं तुम्ही लिहिलंय. मी शिवोलीला राहतो, हंगामात संध्याकाळचे सेट वाजवतो. अशा लिंका माझ्याकडेही येतात, म्हणून घेणाऱ्याच्या बाजूने सांगतो.

डीजे तुमचा ट्रॅक रसिक म्हणून ऐकायला बसलेला नसतो. आपल्या सेटमध्ये तो कुठे बसेल, कशाच्या मागून येईल, हे तो बघत असतो. त्यामुळे सात मिनिटांचा ट्रॅक कोणी पहिल्यांदा सलग ऐकत नाही. सुरुवात, मग मधला ब्रेकडाउन (ठोका थांबतो तो भाग), ड्रॉप (ठोका जोरात परत येतो ती जागा), शेवट, असं चार ठिकाणी क्लिक करून बघतात. क्रूर वाटेल, पण फोल्डरमध्ये ऐकायचे ट्रॅक साचलेले असले की दुसरा इलाज नसतो.

त्या चार क्लिकमध्ये मी सगळ्यात आधी किक (ड्रमचा जाड ठोका) आणि बेस (सगळ्यात खालचा सूर) यांचं जमतंय का ते बघतो. सायट्रान्समध्ये दर ठोक्याला एक किक आणि तिच्या मागोमाग बेसच्या तीन नोट्स, हा नेहमीचा साचा. किकची शेपटी लांबली की ती पुढच्या नोटवर चढते, आणि हेडफोनवर जाडजूड वाटणारा बेस मोठ्या सबवूफरवर नुसता गुरगुरतो. मधला आवाज, मेलडी, चमत्कारिक इफेक्ट हे सगळं नंतर. दुसरं म्हणजे, साधारण १०० हर्ट्‌झच्या खालचं मोनो, म्हणजे डाव्या-उजव्या स्पीकरला एकसारखं, ठेवा. बऱ्याच साउंड सिस्टिमवर खालचा आवाज मोनोच वाजतो, आणि तिथे रुंद केलेला स्टीरिओ बेस स्वतःलाच खाऊन टाकतो. घरच्या स्पीकरवर हे कळतच नाही. पूर्ण ट्रॅक मोनो करून एकदा ऐका, लगेच समजेल.

सुरुवातीला ३२ बार (एक बार म्हणजे चार ठोके) नुसती किक आणि थोडं पर्कशन असेल तर १४० बीपीएमला (मिनिटाला १४० ठोके) आधीच्या ट्रॅकशी मिक्स करायला जवळपास ५५ सेकंद मिळतात. दशावतारात राजाच्या प्रवेशाआधी पेटी-पखवाज जागा करून देतात, तसं हे. गंमत म्हणजे सायट्रान्सच्या आधीच्या, जुन्या गोवा ट्रान्समध्ये उलट होतं. इथल्या उन्हात रेकॉर्डी वाकायच्या, म्हणून हणजुणेच्या (अंजुना) पार्ट्यांत आधी कॅसेट आणि नंतर डॅट, म्हणजे डिजिटल ऑडिओ टेप, चालायच्या. इथला जुना डीजे गोवा गिल तर डॅटसाठीच ओळखला जायचा. साध्या डॅट प्लेअरवर वेग कमीजास्त करता येत नसे, त्यामुळे ठोक्याला ठोका जुळवणं कठीण. मग ट्रॅकची सुरुवात-शेवट बिनठोक्याच्या तरंगत्या आवाजांनी व्हायची आणि तिथेच सांधा बसायचा. त्या टेपांवर बाजारात न आलेले ट्रॅक असायचे. युरोप-इस्रायलहून येणारे निर्माते ते सोबत आणायचे आणि डीजे आपसात टेपांची देवघेव करायचे. आज टेपेची जागा पेन ड्राइव्हने घेतली, पण देवघेव अजून ओळखीवरच चालते. तुमचा अप्रकाशित ट्रॅक कोणाला दिलात तर 'पुढे देऊ नका' असं स्पष्ट लिहा. बरे लोक ते पाळतात.

आता पाठवायचं कसं. साउंडक्लाउडची प्रायव्हेट लिंक पुरते. फाइल वेव (आवाज न दाबलेली) किंवा ३२० केबीपीएसचा एमपीथ्री. १२८ च्या एमपीथ्रीचं वेव केलं म्हणून गेलेला आवाज परत येत नाही, आणि स्पेक्ट्रम (आवाजाच्या उंच-खोल पट्ट्यांचा आलेख) उघडला की साधारण १६ किलोहर्ट्‌झला कापलेलं छप्पर दिसतं. हे बघणारे बघतात. फाइलच्या नावात तुमचं नाव, ट्रॅकचं नाव, बीपीएम. 'फायनल न्यू टू' नावाची फाइल माझ्या पेन ड्राइव्हवर मलाच पुन्हा सापडत नाही. निरोप दोन ओळींचा, माणसाचं नाव घालून, आणि तो काय वाजवतो हे आधी ऐकून. टेक्नो वाजवणाऱ्याला सायट्रान्स पाठवून काय मिळणार?

वेळही बघा. डिसेंबरात इथे कोणाला श्वास घ्यायला फुरसत नसते. पावसाळ्यात, जून ते ऑगस्ट, किनाऱ्यावरचे शॅक बंद, गर्दी कमी, तेव्हा माणसं घरी बसून फोल्डर निवडतात. शिवाय काही मोजके सवलतीचे दिवस सोडले तर रात्री १० नंतर उघड्यावर लाउडस्पीकर बंद, म्हणून इथल्या बऱ्याच पार्ट्या दुपारीच सुरू होतात. चार-पाच वाजताच्या उन्हात वाजवता येईल असा, जरा सैल, मोकळा ट्रॅक तुमच्याकडे असेल तर आधी तो पाठवा. रात्रीचे भडक ट्रॅक सगळेच पाठवतात. नवा ट्रॅक आम्ही बहुधा अशा लवकरच्या वेळेतच लावून बघतो, कारण गर्दी कमी असते आणि फसला तरी सांभाळता येतं. लोक बारकडे वळतात की जागेवरच नाचत राहतात, एवढंच बघायचं.

उत्तरांबद्दल म्हणाल तर 'मस्त, नक्की वाजवतो' याला फार किंमत देऊ नका. 'अमुक डीजेसाठी डाउनलोड केलं' असं दुसऱ्याच कोणाकडून आलं तर त्या अमुकने बहुतेक ऐकलेलंही नाही. कोणी आपणहून वेव फाइल मागितली, किंवा त्याच्या सेटच्या व्हिडिओखाली 'ट्रॅक आयडी?' (हा कुठला ट्रॅक?) असं कोणी तुमच्या ट्रॅकबद्दल विचारलं, तर काम झालं समजा. आणि हो, लिंकवर डाउनलोड सुरू ठेवा. निम्मे जण तिथेच विसरतात, आणि ते मागायला दुसरा मेसेज कोणी करत नाही.